दोघांनी राखलेली जागा

"काजळ पुसावं लागेल."

त्यानं मला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. स्वप्नातला राजकुमार असं काही बोलत नाही, हे मला मान्य आहे. पण माझी सुरुवात अशीच झाली, त्याला कोण काय करणार.

मी बाकावर बसून पायांत पांढरे बूट चढवत होते. डोक्याला टोपी, नाकातोंडावर मास्क, गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढरा पोशाख, हातांत मोजे. आधीच मी अभ्रा चढवलेल्या उशीसारखी दिसत होते. आणि समोर हा उभा, तसाच पांढराफटक, डोळे तेवढे उघडे.

"डोळ्यांतलं काजळ?" मी विचारलं.

"हो. पावडर, अत्तर, काजळ... आत यातलं काहीच चालत नाही. एक कण उडून वेफरवर, म्हणजे चिप छापायच्या चकतीवर, बसला की त्या जागची चिप गेली."

"माझ्याच चिप असणार आहेत त्या."

"मग तर नक्कीच पुसा," तो म्हणाला.

मी पुसलं. रागारागानं पुसलं, त्यामुळे ते आधी गालभर पसरलं. त्यानं काही न बोलता ओल्या कागदाची घडी पुढे केली आणि माझं आटपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तेवढं मात्र मला आवडलं.

मी तिथे का गेले होते, ते सांगायला हवं. आमची कंपनी छोटी होती. आम्ही चिपचे नकाशे काढायचो — कुठली तार कुठून जाईल, कुठे वळेल, शेजारणीपासून किती लांब राहील. प्रत्यक्ष चिप छापायचा तो समुद्रापलीकडचा कुठलासा कारखाना. इथून फाइल पाठवायची आणि विसरून जायचं. ऋतू बदलला की एक खोकं यायचं, त्यात आमच्या चिप. कुणी छापल्या, तो दिसतो कसा, हसतो का, हे कधी कळायचं नाही. तिकडून यायची ती फक्त नियमांची फाइल. इतकं अंतर सोडा, तितकी रुंदी ठेवा. नियमांशी कोण गप्पा मारणार?

मग आमच्या कंपनीचं विलीनीकरण झालं. ज्या मोठ्या कंपनीत आम्ही विरघळलो तिचा स्वतःचा कारखाना होता, आणि आमची टेबलं उचलून त्याच आवारात आणून ठेवली गेली. पहिल्या दिवशीच्या भाषणात मोठ्या साहेबांनी 'घरचा कारखाना' हे शब्द इतक्यांदा वापरले की शेजारचा सहकारी माझ्या कानात पुटपुटला, "घरचं आहे, लाजू नका म्हणतील आता." यापुढे बाहेर काही छापायचं नव्हतं. जे काय व्हायचं ते इथेच.

माझी चिप कानाच्या यंत्रासाठी होती. कानाच्या आत बसणारं, बाहेरून दिसणारही नाही असं यंत्र. बाहेरच्या कारखान्याच्या मापात ती छान बसत होती. घरच्या कारखान्याचा हात मात्र सढळ. दोन तारांमध्ये बरंच जास्त अंतर सोडा, असा त्यांचा नियम. त्या नियमानं नकाशा पुन्हा काढला तर चिप फुगली आणि यंत्राच्या कवचात मावेना. वरून निरोप आला — पुढच्या आढाव्यापर्यंत मावली तर ठीक, नाहीतर हे काम बंद आणि आमची सगळी टीम मुख्य कचेरीत, दुसऱ्या शहरात.

मला दुसऱ्या शहरात जायचं नव्हतं, कारण इथे माझी आत्या होती. आणि ती चिपही आत्यासाठीच होती. हे मात्र मी कंपनीत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

म्हणून मी, अंतराचा तो नियम लिहिणाऱ्या माणसाला गाठायला निघाले होते. तो माणूस हाच, काजळ पुसायला लावणारा.

आत जायच्या आधी वाऱ्याची अंघोळ असते. कपाटाएवढी अरुंद खोली, दोन्हीकडे दारं, आणि भिंतींतून सुटणारा जोराचा वारा, म्हणजे अंगावरची उरलीसुरली धूळ निघून जावी. दार बंद झालं. आम्ही दोघं आत.

"हात वर करा आणि हळूहळू गोल फिरा," तो म्हणाला.

दोन अनोळखी माणसं हात वर करून, एकमेकांना धक्का लागणार नाही अशा बेतानं स्वतःभोवती फिरतायत. मला हसू फुटलं. मास्क आहे, कुणाला दिसतंय, असं मला वाटलं.

"हसताय," तो म्हणाला.

"कशावरून?"

"डोळे बारीक झाले."

मी डोळे मोठे केले. आता त्याचे बारीक झाले होते.

पलीकडचं दार उघडलं आणि मी पहिल्यांदा ती पिवळी खोली पाहिली. चिप छापतात ते उजेडानं. साधा उजेड वेफरवरच्या लेपाला सोसत नाही, म्हणून तिथले सगळे दिवे पिवळे. बाहेर टळटळीत दुपार होती आणि आत उन्हं कलली होती. तिथे रोजच, सकाळीसुद्धा, उन्हं कललेलीच असतात. यंत्रांचे हात आपापल्या नादात ताटल्यांसारखे वेफर उचलत होते, ठेवत होते. वरून हवा एकसारखी खाली वाहत होती आणि तिचा घुंघुं आवाज सगळीकडे भरून होता. या खोलीत कुणी कुणाशी भांडू शकेल असं वाटत नव्हतं. मी प्रयत्न केला.

"या कोपऱ्यात सूट द्या," मी स्क्रीनवर बोट ठेवून म्हटलं. "इथे तारा थोड्या जवळ येऊ द्या. माझी चिप मावेल."

"नाही."

"बघितलंही नाहीत तुम्ही."

"बघितलं. नकाशा सुंदर आहे. पण तारा चिकटतील."

"बाहेरच्यांकडे चिकटत नव्हत्या."

"मग बाहेरच्यांकडे जा," तो शांतपणे म्हणाला. आणि मग जरा घुटमळून, "...म्हणजे, जाता येत नाही हे माहीत आहे मला. तसं म्हणायचं नव्हतं."

सुंदर म्हणाला तो माझ्या नकाशाला. इतकी वर्षं मी नकाशे काढत होते, कुणी बरोबर म्हणायचं, कुणी चूक म्हणायचं. सुंदर कुणी म्हटलं नव्हतं. तरीही मी पाय आपटतच बाहेर आले.

दुपारी कॅन्टीनच्या रांगेत माझी वाफ बाहेर पडली. "खडूस आहे नुसता," मी सहकाऱ्याला सांगत होते. "नाही म्हणजे नाही. नियम म्हणे. जसा काही नियम आकाशातून पडलाय. डोळे मात्र..."

तेवढ्यात माझी सूप घ्यायची पाळी आली आणि मी थांबले.

"डोळ्यांचं काय?" मागून आवाज आला. "वाक्य अर्धं राहिलं."

वळले तर मागे ट्रे घेऊन एक उंच, सावळा, विस्कटलेल्या केसांचा माणूस उभा. नाक थोडं मोठं. हनुवटीवर खळी. या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण डोळे ओळखीचे होते.

"सूप सांडतंय तुमचं," तो म्हणाला.

खरंच सांडत होतं.

त्यानंतर मी पिवळ्या खोलीत वरचेवर जाऊ लागले. जायला कारण लागतं, आणि मला कारण शोधावं लागत नव्हतं. चिप मावत नव्हती, हे पुरेसं होतं. काजळ घालायचं मी सोडून दिलं. सहकारी म्हणाला, "काय गं, आजारी दिसतेस." मी म्हटलं, कामाचा भाग आहे. घालायचं, पुसायचं, कशाला ते.

पहिले काही दिवस त्याचं बोलणं मला धड कळायचंच नाही. एकदा तो चिडून म्हणाला, "तुमचं लक्ष कुठे असतं?"

"तुमच्या मास्ककडे," मी म्हटलं. "मला ओठ बघून ऐकायची सवय आहे. इथे हवेचा एवढा आवाज आणि वर तोंडं झाकलेली. मी निम्मं अंदाजानंच ऐकते."

मग त्याला आत्याची गोष्ट सांगावी लागली. आत्या आयुष्यभर छापखान्यात कामाला होती. तिथल्या यंत्रांच्या धडधडाटात बायका आवाज न काढता, नुसत्या ओठांनी गप्पा मारायच्या. सुखदुःखं, चहाड्या, सगळं. निवृत्त होईपर्यंत कान गेले, पण ओठ वाचायची विद्या राहिली. माझे आईबाबा फिरतीवर असायचे आणि मी आत्याकडे वाढले, म्हणून ती विद्या माझ्याकडेही आली. घरी आमचं निम्मं बोलणं बिनआवाजाचंच चालतं. कानामागे लावायचं मोठं यंत्र मी तिला आणून दिलं होतं. "कानावर गोगलगाय कोण मिरवेल," म्हणून तिनं ते खणात टाकलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "बाहेर भेटल्यावर तुमच्यासमोर मनातल्या मनातही काही पुटपुटायची सोय नाही."

"पुटपुटण्यासारखं काही आहे का?"

"आहे थोडं," तो म्हणाला आणि वेफरची पेटी उचलून चालता झाला. मास्कआडून तो आणखी काही म्हणाला असेल तर ते मला कळलं नाही.

एक दिवस त्यानं मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. खाली एक वेफर होता. पिवळ्या उजेडात तारांच्या ओळी दिसत होत्या, नांगरलेल्या शेतासारख्या सरळ. मी वेफर सरकवत गेले. एका ठिकाणी ओळी एकमेकींच्या खूप जवळ आल्या. नियमात बसणार नाही इतक्या. आणि तरी मधल्या फटी स्वच्छ होत्या.

"हे काय आहे?"

"चाचणीचा वेफर आहे."

"यातल्या तारा चिकटल्या नाहीत."

"नाही चिकटल्या."

"मग नियम...?"

तो शेजारच्या स्टुलावर बसला. "नियम मी लिहिला, तेव्हा थोडं जास्तच अंतर ठेवलं. पूर्वी आमच्याकडे बाहेरची गिऱ्हाइकं यायची, कसले कसले नकाशे घेऊन. त्यांचा काय भरवसा? एकदा कुणाच्या तरी तारा चिकटल्या, अख्खी खेप फुकट गेली आणि बोलणी मी खाल्ली. तेव्हापासून... हातचं राखून ठेवलं."

"कुणाला माहीत आहे हे?"

"आत्ता तुम्हाला झालं."

हवा घुंघुं करत खाली येत होती. माणूस समोर बसून स्वतःचं असं काही सांगतो, तेव्हा आपण काय करायचं असतं?

"तुमच्या बाजूनं आहे का असं काही?" त्यानं विचारलं.

"छे," मी म्हटलं. "माझं माप चोख असतं."

घरी आले तेव्हा आत्या खिडकीशी बसून कापडाची कड दुमडत होती. मी तिच्या समोर बसले, म्हणजे तिला माझे ओठ दिसतील.

"आज काय बिनसलं?" तिनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं, माझं 'छे' सोडून. तारा, अंतर, हातचं राखणं. ती हसायला लागली.

"म्हणजे आमच्या छापखान्यासारखंच की. जुळणी करणारा म्हणायचा, कडेला थोडी जागा सोडतो, मशीनवाल्याचा काय भरवसा. मशीनवाला म्हणायचा, मी थोडी सोडतो, कापणाऱ्याचा काय भरवसा. कापणारा तर विचारूच नकोस. पान हातात यायचं तेव्हा मजकूर पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि कडेला नुसतं मैदान." तिनं दोरा तोडला. "आणि काय गं, त्या माणसाच्या हनुवटीला खळी आहे का?"

"तुला कसं कळलं?"

"त्याच्याबद्दल बोलताना तू सारखा स्वतःच्या हनुवटीला हात लावतेस."

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर गोष्टीत शोभेल. पण मी झोपले, आणि सकाळी उठले ती ठरवूनच उठले.

पिवळ्या खोलीत पोचल्यावर मी माझा नकाशा उघडला, ती जागा मोठी केली आणि बाजूला सरकून त्याला म्हटलं, "बघा."

त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं. "हे तर माझ्या नियमापेक्षाही जास्त आहे."

"हो."

"किती ठिकाणी?"

"सगळीकडे. तुमच्या नियमावर माझं आणखी थोडं."

"का?"

"मी कायम फाइल पाठवायचे, पलीकडे कोण बसलंय माहीत नसायचं. त्यांचा काय भरवसा?"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याचे डोळे बारीक बारीक होत पार मिटले. मास्कच्या आत तो खदखदून हसत होता. मीही हसले. यंत्रांचे हात आपले वेफर उचलत होते, ठेवत होते.

"म्हणजे मी तुमच्या भीतीनं लांब सरकून बसलो," तो म्हणाला, "आणि तुम्ही माझ्या."

"आणि मधल्या जागेत अख्खी चिप हरवली."

"एवढा हट्ट कशासाठी, ते अजून सांगितलं नाहीत मला."

मग मी तेही सांगितलं. चिप कुणासाठी आहे ते. तो हसायचा थांबला. त्यानं खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "चला, एकेक तार घेऊ. तुम्ही थोडं सोडा, मी थोडं सोडतो."

असं काम मी आजवर केलं नव्हतं. मी तार जवळ आणायची, तो डोळे मिटून विचार करायचा आणि मान हलवायचा — चालेल, किंवा नको, इथे नको, इथे खरंच चिकटेल. जिथे तो नको म्हणायचा तिथे मी वाद घालत नव्हते. याआधी मला नको म्हणणारी फक्त एक फाइल होती. नको म्हणतानाही एखाद्याला वाईट वाटतं, हे मी पहिल्यांदा बघत होते. चिप हळूहळू आवळत गेली.

"आता तरी अहो-जाहो सोडूया?" एकदा तो म्हणाला.

"तेवढं असू द्या," मी म्हटलं. "काहीतरी अंतर हवं."

"किती?"

"नियमाप्रमाणे."

पण नियम बदलायला मोठ्या साहेबांची परवानगी लागते. आणि परवानगी मागायची तर आधी सांगावं लागणार होतं की तो नियम इतकी वर्षं गरजेपेक्षा ढगळ होता, आणि तो तसा कुणी ठेवला. तो म्हणाला, मी बघतो. एका सकाळी मला न सांगताच तो साहेबांच्या खोलीत गेला.

ती खोली काचेची होती. मी नकाशा घेऊन बाहेरच्या बाकावर बसले होते, बोलावलं तर आत जायला. साहेबांची पाठ माझ्याकडे होती, त्याचं तोंड माझ्याकडे. काचेतून आवाज येत नव्हता. मला त्याची गरजही नव्हती.

"नियम मीच लिहिला होता, साहेब," तो म्हणत होता.

साहेबांची मान हलली.

"हो. मुद्दाम. भीतीनं."

साहेबांचे हात वर झाले, खाली आले.

"नाही, नकाशा बरोबर आहे तिचा. जादा जागा माझी होती."

माझ्या जादा जागेबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. मी वाट बघत होते, आता काढेल, मग काढेल. नाहीच.

मग साहेबांनी काहीतरी विचारलं, मान तिरकी करून. तो थांबला. खाली बघितलं. आणि म्हणाला, "हो." पुढे तो आणखी एक वाक्य बोलला, पण नेमका त्याच वेळी त्यानं नाकावर हात घासला आणि ते वाक्य हाताआड गेलं.

मी उठले, दारावर टकटक केली आणि सरळ आत गेले.

"साहेब, अर्धी जागा माझी होती," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "वाटलंच मला," ते म्हणाले. "घोळ दोघांनी घातलाय, दोघांनीच निस्तरा. एक खेप छापून बघा. पण तारा चिकटल्या तर चिप बंद, आणि नियमांचं काम मी दुसऱ्याकडे देणार. चालेल?"

"चालेल," आम्ही एकदमच म्हणालो.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "साहेबांनी शेवटी काय विचारलं?"

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही बघत होता?"

"मला फक्त 'हो' दिसलं."

"मग तेवढं पुरे आहे," तो म्हणाला आणि जिन्यानं भराभर खाली गेला. लिफ्ट समोर उभी असताना.

खेप आत गेली. पूर्वीसारखं असतं तर ऋतू बदलेपर्यंत वाट बघावी लागली असती. आता रोज खिडकीतून बघता यायचं, माझी पेटी आज कुठल्या यंत्रापाशी पोचली ते. तो आत पिवळ्या उजेडात, मी बाहेर काचेशी. कधी तो हात वर करायचा, कधी मी. कामातलं सगळं आम्ही एकमेकांपुढे मोकळं करून बसलो होतो आणि बोलण्यात मात्र पुन्हा दोघंही जपून. मी विचार करायचे, तारा चिकटल्या तर मी दुसऱ्या शहरात. मग आत्ता काही बोलून कशाला ठेवायचं? तोही बहुधा तेच म्हणत असणार. मला त्याचा राग यायचा, आणि माझा जास्त.

वेफर तयार झाले त्या दिवशी त्यानं मला बोलावलं. वाऱ्याच्या अंघोळीत दोघंही गोल फिरायचं विसरलो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यानं वेफर सरकवला आणि म्हणाला, "तुम्ही आधी."

"नको. तुम्ही."

"मला बघवत नाही."

मी डोळा लावला. ओळी होत्या. जवळजवळ, सरळ. मी वेफर सरकवत गेले — कोपरा, वळण, जिथे त्यानं नको नको म्हणत हो म्हटलं होतं ती जागा. मधल्या फटी स्वच्छ होत्या. मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मग मला काही दिसेना, कारण डोळे भरून आले होते आणि डोळे पुसायची तिथे परवानगी नाही.

"चिकटल्या नाहीत," मी म्हटलं.

त्यानं माझा हात धरला. मोज्यावर मोजा. काही जाणवू नये इतकं रबर मधे होतं. तरी जाणवलं.

आढाव्यात चिप पास झाली. कवचात मावली, आणि जरा जागा उरली. टीम इथेच राहिली, नियमांचं काम त्याच्याकडेच. यंत्राचे पहिले नमुने निघाले, तेव्हा चाचणीच्या माणसांत मी आत्याचं नाव घातलं. तिच्या कानाचं माप आधीच घेतलं होतं. नमुना हातात आला त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "येता का घरी? निम्मी चिप तुमचीच आहे."

आत्यानं दार उघडलं. त्याच्या हनुवटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बस रे. चहा टाकते." मी यंत्र तिच्या कानात बसवलं. आरशात तिनं मान इकडे तिकडे वळवून पाहिलं. "दिसत नाहीये," ती खुशीत म्हणाली. चालू करायचं होतं ते फोनवरून. "थांब, आधी चहा," म्हणून ती कपाटाकडे वळली आणि पाठमोरी उभी राहून कप काढू लागली.

बाहेर उन्हं खरीच कलली होती. खोलीत तो उजेड भरला होता, पिवळा, आणि तसल्या पिवळ्या उजेडात तो प्रथमच मला मास्कशिवाय दिसत होता. बोलू बोलू म्हणत होता, दिसत होतं. मग त्यानं आत्याच्या पाठीकडे एकदा बघितलं आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, हळूहळू, मला नीट दिसेल असं बोलला —

साहेबांनी विचारलं होतं, मुलगी आवडते का तुला. मी हो म्हटलं. पुढचं तुला दिसलं नाही. मी म्हटलं होतं, पण अजून तिला विचारलेलं नाही... आता विचारतोय.

मी बघत राहिले.

"कळलं मला," आत्या म्हणाली.

आम्ही दचकलो. तिनं मागे वळूनही पाहिलं नव्हतं. कपाटाच्या काचेत त्याचा चेहरा लख्ख दिसत होता.

"आत्या, यंत्र अजून चालू नाही केलं," मी उगाचच म्हटलं. तेही तिनं काचेतच वाचलं.

"त्याला यंत्र कशाला लागतंय? आयुष्य गेलं माझं असल्या गप्पांत." ती चहाचे कप भरून घेऊन आली, खुर्चीत बसली, पदर सारखा केला. "आता चालू कर. आणि त्याला म्हणावं, तेच पुन्हा बोल, मोठ्यानं. या कानातून पहिलं काय ऐकायचं, ते मी ठरवणार."

मी फोनवर बोट ठेवलं. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, त्या दिवशी साहेबांच्या खोलीबाहेर झाले होते तसे.

आणि आत्यानं डोळे मिटून घेतले. मला आठवतंय तेव्हापासून कुणी बोलणार असलं की ती डोळे मोठे करून त्याच्या तोंडाकडे बघायची. आज तिनं ते मिटले.

तो बोलला. सगळं बोलला, साहेबांच्या खोलीपासून. आवाज मधे थोडा अडखळला, पण मोठा होता.

आत्या तशीच बसून होती. मिटल्या पापण्यांतून पाणी गालावर आलं. "आता तू बोल," ती मला म्हणाली. "त्यानं विचारलंय काहीतरी."

मला एकदम कॅन्टीनची रांग आठवली, सांडलेलं सूप, आणि अर्धं राहिलेलं वाक्य.

"डोळे मात्र," मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "रोज बघावेसे वाटतात. मास्क असो, नसो. हो."

तो हसला, ओठांनी आणि डोळ्यांनी एकदमच. आत्यानं डोळे न उघडताच मान डोलावली आणि चहाचा कप चाचपत जवळ ओढला.

"स्वच्छ येतंय ऐकू," ती म्हणाली.